दमडीची मशीद

नगरच्या भुईकोट किल्ल्याजवळची दमडी मशीद आपल्यापैकी पुष्कळांनी जाता-येता बाहेरूनच पाहिली असेल. हुसेन निजामशहाने १५५९ च्या सुमारास किल्ला दगडी बांधून काढला. मशीद १५६७ ची, साहिरखानाच्या नावावर. परंतु लोक सांगतात ते असे, की किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी मजुरीतून दमडी दमडी बाजूला काढून ती उभारली. दमडी म्हणजे पैशाचाही अंश! वर्गणी गोळा करण्यात आमचा जन्म गेला, त्यामुळे आम्हांला तरी ही गोष्ट अशक्य वाटत नाही.

कष्टकऱ्याने देवाच्या घराला हात लावला, तर त्याची खूण कोठे राहते? सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी, हे कोरीव काम आपण केले, असे दोन हजार वर्षांपूर्वी दगडातच लिहून ठेवले. फ्रान्समधील शार्त्र येथील चर्चच्या तेराव्या शतकातल्या रंगीत काचांवर संतांच्या कथा आहेत. आणि अगदी खालच्या चौकटींत, पाहणाऱ्याला सर्वांत जवळ, चांभार, पाववाले, सुतार आपापल्या कामात गढलेले. पैसा त्यांनी दिला, की पाद्र्यांनी त्यांना नुसते चितारले, यावर पंडितांत वाद आहे. असो, ते तेथे दिसतात खरे.

मशिदीत मनुष्याकृती कोरीत नाहीत. तेव्हा आमच्या पाथरवटाला चेहरा मिळाला नाही. त्याचे सारे कसब फुलापानांत उतरले, आणि मजुराची दमडी तेवढी नावात राहिली. मशिदीचे तोंड पूर्वेला आहे. ही नक्षी सकाळच्या उन्हात जाऊन पाहावी.