पाळी लांबली म्हणजे गर्भ राहिलाच का? चाचणी नेमकी कधी करावी?

असुरक्षित संबंधानंतर पाळीची तारीख उलटली की पहिली शंका गर्भधारणेची येते. मात्र ताण, आजारपण, थायरॉइड किंवा पीसीओएसमुळेही पाळी लांबते. आपत्कालीन गोळीमुळेही ती पुढे जाऊ शकते.

जोखीम कधी जास्त?
शुक्राणू शरीरात ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, स्त्रीबीज मात्र साधारण २४ तासच. त्यामुळे बीज बाहेर पडण्याआधीचे ५ दिवस आणि तो दिवस सर्वाधिक जोखमीचे. पाळी अनियमित असल्यास ‘सुरक्षित दिवसां’चा हिशेब चुकतो.

गोळी कधी?
लेव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर घ्यावी. तिने राहिलेला गर्भ पडत नाही.

चाचणी कधी?
किट लघवीतील एचसीजी हे संप्रेरक ओळखते. ते गर्भ रुजल्यावरच तयार होते. म्हणून संबंधानंतर दोन-चार दिवसांत आलेल्या ‘निगेटिव्ह’वर विसंबू नये. पाळी चुकल्यावर किंवा तारखेचा अंदाज नसल्यास संबंधानंतर २१ दिवसांनी, सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करावी.

डॉक्टरांकडे कधी?
चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आल्यास लगेच. ओटीपोटात तीव्र वेदना, रक्तस्राव किंवा चक्कर असेल तर थेट रुग्णालय गाठावे. गर्भपात करणाऱ्या महिलेची ओळख गुप्त ठेवणे डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे बदनामीच्या भीतीने परस्पर गोळ्या घेऊ नयेत.