ॲडमिट केलं की सुटलं?

पंचविशीतल्या मुलीला किंवा मुलाला ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ (बीपीडी), म्हणजे भावना आणि नाती सतत डळमळीत करणारा मानसिक आजार, असल्याचं कळलं की नवी मुंबईतले आईवडील आधी हॉस्पिटल शोधतात. नेरुळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम आणि मग हळू आवाजात ठाण्याचं मनोरुग्णालय. १९०१ सालच्या त्या रुग्णालयाचं नाव आपण थट्टेत इतकं वापरलंय की ते निघताच घरात रडारड होते. खरं तर बीपीडीचा मुख्य उपचार वॉर्डात होतच नाही. भरती करतात ती जिवाला धोका असेल तेव्हा, आणि बहुधा थोड्या दिवसांसाठी. खरा उपचार म्हणजे दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, महिनोन् महिने चालणारी थेरपी.

‘गोळ्या चालू आहेत, मग फरक का नाही?’ कारण बीपीडीसाठी खास मान्यता मिळालेलं एकही औषध नाही. सोबत नैराश्य वा चिंता असेल तर औषधांचा उपयोग होतो, म्हणून ती मनानं बंद करू नयेत. पण थेरपीची जागा गोळी घेत नाही. सर्वाधिक अभ्यासलेल्या थेरपींपैकी एक म्हणजे डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी), अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी घडवलेली. तरुणपणी आपण स्वतः मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. डीबीटीत भावनेचा लोंढा आला की काय करायचं, नात्यात मागणं कसं मांडायचं, नाही कसं म्हणायचं, हे अक्षरशः शिकवतात आणि गृहपाठही देतात.

म्हणून थेरपिस्टला फोनवर फी विचारण्याआधी विचारावं: बीपीडीचे रुग्ण नियमित पाहता का? डीबीटीचं प्रशिक्षण कुठे घेतलं? कौशल्यांचा ग्रुप आहे का? दोन बैठकांच्या मध्ये संकट आलं तर कोणाला फोन करायचा? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. ती मागण्यात उद्धटपणा नाही. वाशीहून ट्रान्स हार्बर लोकलनं ठाणं गाठता येतं. तिथे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएचमध्ये (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकाच छताखाली भेटतात. शोधाची सुरुवात तिथूनही करता येते.

‘स्वभावाला औषध नाही’ हे वाक्य इथे सपशेल खोटं ठरतं. अमेरिकेतल्या मॅक्लीन हॉस्पिटलनं रुग्णांचा दहा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक जणांची लक्षणं किमान दोन वर्षं निदानाच्या रेषेखाली राहिली होती. नोकरी आणि नाती मात्र इतक्या झपाट्यानं सावरत नाहीत. तिथवर साधारण निम्मेच पोचले.

हातावर जखमा दिसल्या की नातेवाईक ‘नाटकं’ म्हणतात. ती असह्य वेदनेला दिलेली वाट असते, आणि बीपीडीत आत्महत्येचा धोका खरोखर मोठा असतो. या आजारावरचा घरगुती तोडगा, ‘लग्न लावून द्या’, तर मला क्रूरच वाटतो. माणूस सोडून जाईल ही धास्तीच ज्या आजाराच्या मुळाशी आहे, त्यावर एक परकं घर हा इलाज कसा असेल?

आता सगळ्यात अवघड भाग. मूल अठराच्या पुढचं आहे आणि ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतंय. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ प्रमाणे त्याच्या इच्छेविरुद्ध भरती करता येते, पण जिवाला धोका किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं अशा गंभीर कारणांसाठी, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, आणि सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. थेरपिस्ट मुलाचं बोलणं सहसा तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही मात्र त्याला घरात काय दिसतं ते कळवू शकता.

पण मूल येत नाही म्हणून काहीच करता येत नाही, असंही नाही. पालकांनी स्वतः जावं. कुटुंबीयांसाठी ‘फॅमिली कनेक्शन्स’ नावाचा बारा सत्रांचा अभ्यासक्रम आहे. त्यात शिकवतात ते साधं पण जड काम. मुलगी म्हणाली, ‘आई, तुला मी नकोच आहे,’ तर ‘काहीतरीच काय बोलतेस’ हे उत्तर आगीत तेल ओततं. ‘आत्ता तुला फार एकटं वाटतंय ना गं?’ यानं निदान बोलणं चालू राहतं. भावना मान्य करणं म्हणजे प्रत्येक मागणी मान्य करणं नव्हे. पैशाला नाही म्हणता येतं, आरडाओरड्यातून उठून दुसऱ्या खोलीत जाता येतं.

विम्याबाबत: मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण देणं कायद्यानं बंधनकारक आहे, पण बहुतेक पॉलिसी भरतीचा खर्च देतात, दर आठवड्याच्या थेरपीचा नाही.

आणि जिवावर बेतलं तर पोलिसांच्या भीतीनं घरी थांबू नका. २०१७ च्या त्याच कायद्याच्या ११५व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं, म्हणून तिला शिक्षा केली जात नाही. जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत थेट न्या. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, आणि तो पालकांनीही लावावा.