ऑपरेशनच्या तारखेआधीचे किलो
सांधेबदल समजून घेताना : लेखांक ५

ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला, पुढच्या जूनमध्ये उजवा. न्यूयॉर्कचे डॉ. चित्तरंजन राणावत त्यासाठी मुंबईत आले होते. त्या बातम्यांनी ‘नी रिप्लेसमेंट’ हा शब्द घराघरांत पोचवला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत कर वगळून ५४,७२० रुपयांवर आली. तो सगळा हिशेब गेल्या आठवड्यात पाहिला. पण पैशांची सोय झाली, सर्जन ठरला, मुलीने रजेचा अर्ज दिला, तरी पुष्कळ घरांचे घोडे एका वाक्यापाशी अडते : ‘आधी वजन उतरवा, मग तारीख देऊ.’

वाक्य वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे नाही, पण अपुरे आहे. किती उतरवायचे, कशाने, किती महिन्यांत आणि शरीरातले नेमके काय उतरवायचे, हे सांगितलेच नाही तर पेशंट घरी येऊन रात्रीचे जेवण बंद करतो. दोन महिन्यांनी तो आधीपेक्षा अशक्त होऊन परत येतो.

आधी भाराचे गणित पाहू. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी पाच रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांतच भार मोजणारी यंत्रणा ठेवली होती. त्यामुळे चालत्याफिरत्या माणसाच्या गुडघ्यावर प्रत्यक्ष किती ओझे येते, ते थेट सांध्याच्या आतून मोजता आले. हे आकडे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना जवळजवळ साडेतीन पट. ८५ किलो वजनाची बाई घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकलच्या फलाटाकडे पायऱ्यांनी निघाली, तर एकेका पायरीला तिच्या गुडघ्यावर २९० किलोंच्या आसपास भार पडतो. सरकता जिना बंद असला की उपनगरातल्या स्टेशनांवर बायका कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत का उतरतात, ते यावरून कळते. चढण्यापेक्षा उतरणे जड जाते, हा त्यांचा अनुभव मोजमापाने खरा ठरला आहे.

याच गणिताची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या स्टीफन मेसियर यांनी गुडघे झिजलेल्या, वजन जास्त असलेल्या १४२ जणांचे चालणे तपासले. २००५ मध्ये त्यांनी दाखवले की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. पाच किलो उतरले तर पावलामागे वीस किलो कमी. वीस-पंचवीस किलोंचे लक्ष्य ऐकून हबकलेल्या माणसाला हे आवर्जून सांगायला हवे, कारण पहिल्या पाच किलोंचाही फायदा गुडघ्याला मिळतो.

मग सर्जन वजनाचा आग्रह का धरतात? चरबीचा थर जाड असला की ऑपरेशनला वेळ जास्त लागतो, जखम उशिरा भरते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. भूलतज्ज्ञाला श्वासनलिकेची आणि झोपेत श्वास अडण्याची, म्हणजे स्लीप ॲप्नियाची, काळजी असते. कृत्रिम सांध्यात जंतू शिरले तर कधी कधी तो काढून पुन्हा बसवावा लागतो. या भीतीपोटी सांधेबदल करणाऱ्या अमेरिकी सर्जनांच्या संघटनेच्या कार्यगटाने २०१३ मध्ये सुचवले की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ४० च्या वर असेल तर ऑपरेशन पुढे ढकलण्याचा विचार करावा. पाच फूट उंचीच्या बाईसाठी ४० म्हणजे साधारण ९३ किलो. ही सूचना पुढे अनेक ठिकाणी जवळजवळ नियमासारखी पाळली जाऊ लागली.

नुसता बीएमआय किती फसवा असू शकतो, याचे उत्तम उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातल्या चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. भारतीय शरीरात त्याच वजनाला चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्या एका पानात स्पष्ट दिसले.

गुडघ्याच्या पेशंटला ही गोष्ट फार जवळून लागू पडते. दुखण्यामुळे चालणे सुटलेले असते, मांड्यांचे स्नायू आधीच सुकलेले असतात. अशा माणसाने पेज आणि काकडीवर महिना काढला तर काटा खाली येतो खरा, पण उतरलेल्या वजनात स्नायूंचाही मोठा वाटा असतो. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहायचे असते, ते याच मांडीच्या जोरावर. म्हणून उतरवायची ती चरबी. स्नायू राखायचे, जमल्यास वाढवायचे.

यासाठी ताटात प्रथिने हवीत आणि मराठी ताटात नेमकी तीच कमी पडतात. पातळ वरणाच्या वाटीत प्रथिने जेमतेम तीन-चार ग्रॅम असतात. उतारवयातल्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला एक ग्रॅम किंवा थोडी जास्त प्रथिने लागतात, असे तज्ज्ञ मानतात. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे.) भात निम्मा करून घट्ट वरण, मोड आलेली मटकी, पिठले, दही, अंडी, खाणाऱ्यांसाठी बांगडा किंवा बोंबील वाढवणे, एवढा बदल कुठल्याही स्वयंपाकघरात झेपतो. उपवासांचे मात्र धीटपणे बोलायला हवे. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. त्यात दाण्याचे कूट, तूप आणि बटाटा पडला की संकष्टीची खिचडी रोजच्या जेवणापेक्षा भारी ठरू शकते. उपवास सोडा असे घरातल्या आजीला कोणी सांगू नये. वरईचा भात, ताक आणि दूध यांवर तो छान निभावतो.

खाणे घटवताना रक्त घटू देऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्तक्षय आढळला होता. सांधेबदलात रक्त जातेच, त्यामुळे हिमोग्लोबिनची तपासणी आणि उपचार वजनाच्या बरोबरीनेच सुरू व्हायला हवेत.

आता व्यायाम. ‘रोज दहा हजार पावले चाला’ हा सल्ला झिजलेल्या गुडघ्याला देणे म्हणजे क्रूरपणाच आहे. ज्याला इमारतीच्या फाटकापर्यंत जाणे जड, तो ती पावले टाकणार कशी? पलंगावर पाय सरळ ठेवून उचलणे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळणे, उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणे, स्थिर सायकल चालवणे, हे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेतले की घरी होतात. पाणी तर वरदानच. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा भार सुमारे निम्मा होतो, छातीइतक्या पाण्यात आणखी कमी. उपनगरांत महापालिकेचे तलाव आहेत : अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल, मुलुंडचे प्रियदर्शिनी इंदिरा गांधी क्रीडासंकुल, कांदिवलीचा सरदार वल्लभभाई पटेल तरण तलाव. पोहता आलेच पाहिजे असे नाही, उथळ पाण्यात चालले तरी पुरे. पण अशा तलावांवर गुडघ्याच्या ज्येष्ठ रुग्णांसाठी वेगळी वेळ आणि धरून उतरता येईल अशा रुंद पायऱ्या असाव्यात, ही मागणी नागरिकांनी लावून धरण्याजोगी आहे.

आहार आणि व्यायाम एकत्र केले तर काय साधते, हे मेसियर यांच्याच गटाने २०१३ मध्ये दाखवले. ४५४ जणांवर दीड वर्ष अभ्यास झाला. दोन्ही गोष्टी करणाऱ्यांचे वजन सरासरी दहा किलोंहून अधिक उतरले आणि नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांचे दुखणेही कमी झाले. दीड वर्ष हा शब्द मात्र नजरेआड होऊ नये. ज्यांचे वजन फारच जास्त आहे त्यांच्यासाठी बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेचा मार्ग आहे. ऑस्ट्रेलियात ८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी पोटावर बँड बसवून मग गुडघा बदलण्याची योजना असलेल्या गटात गुंतागुंत १४.६ टक्के जणांत झाली, तर बँडची योजना नसलेल्या दुसऱ्या गटात ३६.६ टक्के जणांत. त्याहून लक्षणीय म्हणजे पहिल्या गटातल्या २९ टक्के लोकांनी त्रास कमी झाला म्हणून गुडघ्याचे ऑपरेशनच नाकारले.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा सध्या सोसायटीच्या बाकांवरही चालते. त्यांपैकी सेमाग्लुटाइडची ४०७ जणांवरील चाचणी ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ६८ आठवड्यांत वजन सरासरी १३.७ टक्के उतरले, नकली इंजेक्शन घेणाऱ्यांचे ३.२ टक्के. गुडघेदुखीही अधिक घटली. खर्च औषध बनवणाऱ्या कंपनीचा होता, हे लक्षात ठेवूनही निष्कर्ष मोलाचा आहे. पण या औषधांनी जठर सावकाश रिकामे होते, म्हणून ती चालू असल्याचे भूलतज्ज्ञाला न विसरता सांगावे. भूल देताना पोटात अन्न असणे धोक्याचे असते.

आणि एवढे करूनही वजन हलले नाही तर? २०२३ मध्ये अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञ आणि सांधेबदल सर्जन यांच्या संघटनांनी एकत्रितपणे सांगितले, की ठराविक वजन किंवा बीएमआय गाठण्यासाठी ऑपरेशन लांबवू नये. साखर ताब्यात नसेल किंवा तंबाखू चालू असेल, तर मात्र आधी ते सुधारायला वेळ द्यावा. इंग्लंडच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही लठ्ठपणामुळे कोणाला सर्जनकडे पाठवणे नाकारू नये, असेच सांगतात. जाड माणसालाही नव्या गुडघ्याने दुखण्यातून सुटका मिळते. त्याला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवले तर तो आणखी बसून राहतो, वजन आणखी वाढते, हृदय आणि साखर दोन्ही बिघडतात.

म्हणून पुढच्या भेटीत पेशंटने डॉक्टरांना सरळ विचारावे : किती किलो, किती महिन्यांत, कोणाच्या मदतीने आणि तेवढे नाही जमले तर पुढे काय? आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या चिठ्ठ्या त्याच दिवशी मागून घ्याव्यात.

साखरेचा विषय वर ओझरता आला. ऑपरेशनपूर्वी एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारे माप, किती असावे, २०१७ च्या एका अभ्यासातून ७.७ हा आकडा कसा पुढे आला आणि हिरड्यांतला पू किंवा पायाच्या बोटांमधली बुरशी सर्जनला का खटकते, ते पुढच्या लेखांकात.