मोरीची गुडगुड आणि भाड्याचे घर

शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांची गावे परगावच्या माणसांना आसरा देण्यात मुरलेली आहेत. घोडनदीच्या काठच्या शिरूरला एके काळी इंग्रजांची छावणी होती आणि आता रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे कामगार तेथे खोल्या घेऊन राहतात. भीमेच्या काठच्या दौंडला लोहमार्गाच्या जंक्शनाने, राज्य राखीव पोलीस दलाने आणि कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांनी बदलीवर येणाऱ्याजाणाऱ्यांची वस्ती मिळवून दिली आहे. असा नवागत अनामत भरतो, अकरा महिन्यांच्या करारनाम्यावर सही करतो, भिंतींचा रंग पाहतो, नळाला पाणी किती वेळ येते याची चौकशी करतो, पण मोरीच्या जाळीखाली काय दडले आहे याची तहकीकात सहसा करीत नाही; आणि मग एखाद्या रात्री वरच्या मजल्यावर कुणी शौचकूपात पाणी सोडले की आपल्या मोरीतून गुडगुड असा आवाज उठतो, दोनचार दिवसांत घरात कुबट दुर्गंधी भरते आणि फिनाईलच्या बाटल्या रित्या होऊ लागतात. फिनाईलने या व्याधीचे काहीही बिघडत नाही.

घाण बाहेर नेणारी प्रत्येक नळी ही दुर्गंधीला आत येण्याचीही वाट असते. ती वाट अडवण्याची युक्ती लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 साली आपल्या शौचकूपाच्या पेटंटात नोंदवली, आणि तिच्यात आजतागायत मूलतः बदल झालेला नाही: नळीला असे वळण द्यायचे की तिच्या खोलगट भागात थोडे पाणी कायम साठून राहावे, सांडपाणी त्याला ढकलून पुढे जावे, पण वायूला मात्र मागे येता येऊ नये. मोरीतला नहाणी ट्रॅप, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, घराबाहेरचा गली ट्रॅप ही सारी त्याच जलबंधाची रूपे. या जलबंधाची खोली साधारण 50 मिलिमीटर, म्हणजे सुमारे दोन इंच, असते. नळीतील हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 200 व्या हिश्श्याने इकडचा तिकडे झाला तरी तो मोडू शकतो. एवढ्या नाजूक पहाऱ्यावर आपण सारे निर्धास्त झोपतो, ही गोष्ट मला नेहमीच विस्मयकारक वाटत आली आहे.

आता गुडगुडीचे कारण. पाण्याचा लोंढा नळी भरून खाली धावतो तेव्हा त्याच्यामागे पोकळी पडते आणि ती भरून काढण्यास हवा लागते. छताच्या वर उघडणारा वेंट पाईप मोकळा असेल तर ती वरून निमूटपणे येते. तो पक्ष्यांच्या घरट्याने बुजला असेल, मालकाने मजला चढवताना स्लॅबखाली गाडला गेला असेल किंवा मुळात बसवलेलाच नसेल, तर जवळच्या एखाद्या जलबंधातून हवा ओढली जाते आणि गुडगुडी ओढताना पाण्यातून जो ध्वनी निघतो तोच मोरीतून निघतो. आवाज हा अशा रीतीने हवेचा असतो, आणि वासाच्या आधी येतो. कारण दरवेळी थोडेथोडे पाणी ओढले जाऊन जलबंध उथळ होत जातो आणि एके दिवशी पहारा उठतो.

म्हणून जाळी उचकटण्याआधी कोणती मोरी केव्हा बोलते हे नीट ऐकावे. बेसिन रिकामे होताना बेसिनच गुडगुडत असेल आणि बाकीचे घर शांत असेल, तर अडथळा त्याच फांदीत आहे; साबणाचा गाळ, केस, तेलकट खरकटे यांपलीकडे बहुधा काही निघत नाही. शौचकूपात पाणी सोडल्यावर न्हाणीघर बोलू लागले, तर दोहोंना समाईक असलेल्या नळीत हवा कोंडली आहे किंवा ती अर्धवट तुंबली आहे. आणि वरच्या मजल्यावर कपडे धुतले जात असताना तळमजल्याच्या मोरीत बुडबुडे येऊन पाणी चढत असेल, तर दोष तळमजल्याच्या मोरीचा बहुधा नसतो: चेंबर, त्याच्या अलीकडची किंवा पुढची मुख्य नळी किंवा सेप्टिक टाकी यांपैकी काहीतरी तुंबले किंवा भरले आहे. या शेवटच्या प्रकारात मोरीत गज घालून दिवस दवडणाऱ्या कारागिराला मजुरी देण्यापेक्षा अंगणातील चेंबरचे झाकण काढून पाहणे शहाणपणाचे. चेंबर कोरडे असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्यामध्ये. तुडुंब असेल तर पुढे.

आवाज नाही, पण वास आहे, अशीही घरे असतात. नहाणी ट्रॅपमध्ये जाळीखाली एक पालथी वाटी असते. तिच्यात केस अडकतात म्हणून आधीच्या भाडेकरूने ती काढून फेकलेली असते आणि तिच्याबरोबर जलबंधही गेलेला असतो. कुठे धुलाईयंत्राची नळी सरळ ड्रेनेजच्या तोंडात खुपसलेली असते आणि भोवतालची फट कुणी बुजवलेली नसते. मे महिन्यात भाडेकरू कुलूप लावून गावी गेला, तर या कोरड्या हवेत जलबंध आटून जातो. परतल्यावर प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतले, घर उघडे टाकले आणि वास गेला, तर एवढेच कारण होते असे समजावे. जाण्यापूर्वी मोरीत चमचाभर गोडे तेल सोडले तर त्याचा तवंग धरून पाणी सावकाश उडते.

पावसाळ्यातली दुर्गंधी निराळी. दौंड भागातील नदीकाठची काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यात पुरलेल्या नळ्यांचे सांधे या ओढाताणीत सुटतात, आणि ओल धरलेल्या चिकण मातीत शोषखड्डा पाणी मुरवीत नाही, मग सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारे पाणी जागच्या जागी थबकते. टाकीतील गाळ दोनतीन वर्षांनी उपसला पाहिजे हा नियम कागदावरच राहतो. दौंडकराने मात्र आधी खिडक्या लावून खात्री करावी की वास बाहेरून, उघड्या गटारातून किंवा वाऱ्याबरोबर कारखान्यांकडून तर येत नाही.

फट कोठे आहे हे शोधण्याची एक जुनी, आज विस्मरणात गेलेली रीत आहे. एकोणिसाव्या शतकात विलायतेतील आरोग्यनिरीक्षक छतावरील नळीच्या तोंडातून पेपरमिंटचे तेल आणि कढत पाणी ओतीत आणि खाली दुसरा इसम खोल्याखोल्यांतून वास घेत हिंडे. जेथे पेपरमिंट दरवळला तेथे दोष. ओतणाऱ्याने खाली येऊ नये एवढेच पथ्य, कारण त्याच्या हातांना लागलेला वास साऱ्या तपासाचा विचका करतो.

सेप्टिक टाकीला मात्र भाडेकरूने हात लावू नये. तिच्यातील हायड्रोजन सल्फाइड सडक्या अंड्यासारखा वास देतो, परंतु त्याचे प्रमाण वाढले की घ्राणेंद्रियच बधिर होते आणि वास गेला म्हणून निर्धास्त झालेला माणूस कोसळतो; मिथेनला तर वासही नसतो आणि तो पेट घेतो. सुरक्षासाधनांविना माणूस टाकीत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे, आणि गटारात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना 30 लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली फर्मावले. उपसा यंत्राच्या गाडीनेच व्हावा. मोरीत ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतण्याचा अघोरी उपायही वर्ज्य, कारण त्यातून क्लोरीन निघतो.

राहिला प्रश्न खर्च कोणी करायचा याचा. मोरीवरून होणारे तंटे फार जुने आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात घराच्या मोरीला पुरेसा उतार नसेल तर 54 पण (तत्कालीन नाणे) दंड सांगितला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 जेथे लागू आहे तेथे, करारात उलट अट नसल्यास, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक नाही. पण अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहणारा कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नव्हे, परवानाधारक, त्याला या तरतुदीचा आधार सहजी मिळत नाही. त्याने करारनामा नोंदवण्याआधीच एक वाक्य घालून घ्यावे की एकाच मोरीतील तुंबा राहणाऱ्याने काढावा, आणि समाईक नळी, वेंट पाईप, चेंबर व टाकी मालकाने पाहावी. सांडपाणी रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या हद्दीत येऊ लागल्यास नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे उपद्रवाचा अर्ज करण्यास मात्र कोणताही करारनामा आड येत नाही. कोणती मोरी केव्हा बोलते याचे टिपण अर्जास जोडावे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.