बाण टाइप करणारा माउस

मे १९८३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आयबीएम पीसीसाठी माउस आणला तेव्हा त्याची किंमत १९५ डॉलर होती आणि त्याच्यासाठी काम जवळजवळ नव्हतंच. दोन हिरवी बटणं असलेल्या त्या खोक्याबरोबर मल्टी-टूल नोटपॅड नावाचा एक छोटा संपादक मिळे. माउस समजणारा वर्ड हा लेखनाचा प्रोग्रॅम त्या वर्षाच्या शेवटाकडे यायचा होता. लोक पीसी विकत घेत होते ते लोटस १-२-३ हा हिशेबाचा तक्ता आणि वर्डस्टार हा लेखनाचा प्रोग्रॅम यांच्यासाठी, आणि हे दोन्ही प्रोग्रॅम कळफलकाखेरीज कुणाचंही ऐकत नव्हते.

माउस तसा नवा नव्हता. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास लाकडी ठोकळ्याचा पहिला माउस बनवला आणि १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जाहीरपणे चालवून दाखवला. झेरॉक्सच्या आल्टो या संगणकावर, आणि पुढे जानेवारी १९८३ मध्ये आलेल्या ॲपलच्या लिसावर, तो पहिल्यापासून गृहीत होता. पीसीवर सगळं उलटं झालं: आधी प्रोग्रॅम आले, ते कोट्यवधी डॉलरना खपले, लोकांच्या बोटांना त्यांची सवय जडली आणि मग माउस आला. त्याला खोवायला स्वतःची जागासुद्धा आयबीएमने १९८७ च्या पीएस/२ पर्यंत दिली नाही.

माउस विकणाऱ्यांपुढे दोन मार्ग होते. प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीने आपला प्रोग्रॅम पुन्हा लिहावा म्हणून थांबायचं, किंवा प्रोग्रॅमला कळू न देता काम साधायचं. त्यांनी दुसरा धरला. माउस सिस्टिम्स, लॉजिटेक, मायक्रोसॉफ्ट या सगळ्यांनी माउसबरोबर असे छोटे प्रोग्रॅम द्यायला सुरुवात केली, जे मेमरीत दबा धरून बसत आणि माउसच्या हालचालीचं रूपांतर कळा दाबण्यात करत. वर्डस्टारच्या लेखी मागे कुणी जलद टायपिस्ट बसला होता, एवढंच.

हे जमलं ते पीसीच्या रचनेतल्या एका साध्या गोष्टीमुळे. कळ दाबली की तिचा कोड थेट प्रोग्रॅमकडे जात नाही. मेमरीच्या सुरुवातीच्या भागात बायॉसने, म्हणजे यंत्राच्या मूळ प्रोग्रॅमने, राखून ठेवलेल्या ३२ बाइटच्या एका रांगेत तो जाऊन बसतो, आणि प्रोग्रॅम सवडीने तिथून उचलतो. कोड बोटाने ठेवला की दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने, याची कुठेही नोंद नसते. दुसऱ्या बाजूला माउसचा ड्रायव्हर इंटरप्ट ३३ वर (हा आकडा सोळा-आधारी) बसून विचारेल त्याला उत्तर देतो: कर्सर कुठे आहे, कोणतं बटण खाली आहे, मागच्या वेळेपासून माउस किती सरकला. सरकण्याचं माप 'मिकी'. साधारण इंचाच्या दोनशेव्या भागाएवढ्या या एककाला कार्टूनमधल्या उंदराचं नाव देणारे अभियंते आजच्या कंपन्यांच्या बैठकीत टिकले असते का, कोण जाणे.

मायक्रोसॉफ्टच्या डिस्कवर यासाठी दोन प्रोग्रॅम असत. कोणत्या हालचालीला कोणती कळ, हे साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायचं. 'मेकमेन्यू' तिचं पक्कं रूप बनवी आणि 'मेन्यू' ते मेमरीत बसवी. फाइलीची पहिली ओळ 'बिगिन' या शब्दाची. तिच्यात डावं बटण, उजवं बटण, दोन्ही एकदम, मग डावीकडे, उजवीकडे, वर, खाली अशा सात घटना ओळीने येत, आणि शेवटी किती मिकी सरकल्यावर एक कळ पाठवायची याचे दोन आकडे. वर्डस्टारमध्ये कर्सर हलतो तो कंट्रोल धरून एस, डी, ई, एक्स दाबल्यावर. म्हणून वर्डस्टारच्या फाइलीत डावीकडच्या हालचालीसमोर कोड १९, उजवीकडच्या ४, वरच्या ५ आणि खालच्या २४ लिहिला की झालं. चार ओळींत १९७८ सालच्या प्रोग्रॅमला माउस लागला. एखाद्या बटणावर स्वतःचा छोटा मेन्यूही उघडता येई. त्यातला पर्याय निवडला की ठरवलेल्या कळा एकामागून एक पडत.

या फाइलींत खरं डोकं लढवलेलं दिसतं ते 'मॅच' या आज्ञेत. बाकीच्या आज्ञा डोळे मिटून टाइप करतात. 'मॅच' आधी पडद्याकडे पाहते. अमुक ओळ, अमुक रकाना, अमुक रंग, तिथे हा शब्द आहे का? असेल तर एक काम, नसेल तर दुसरं. लोटस १-२-३ साठी तर ती जणू मापाने बेतली होती, कारण लोटस पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात आपली अवस्था स्वतःच लिहून ठेवतो: मोकळा असेल तर 'रेडी', मेन्यू उघडा असेल तर 'मेन्यू', मजकूर टाइप होत असेल तर 'लेबल'. त्या कोपऱ्यात 'रेडी' दिसलं तर डाव्या बटणाने तिरकी रेघ टाइप करायची, म्हणजे मेन्यू उघडेल. 'मेन्यू' दिसलं तर एंटर, म्हणजे निवड होईल. प्रोग्रॅमच्या पोटात काय चाललंय हे कळण्याची सोय नाही, म्हणून त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. ज्याने ही आज्ञा योजली त्याने दुसऱ्याचे प्रोग्रॅम बराच वेळ नुसते पाहत बसून काढले असणार.

प्रोग्रॅमला हात न लावता त्याच्या आणि यंत्राच्या मध्ये उभं राहण्याची ही युक्ती पुण्यातही वेगळ्या कामासाठी वापरली गेली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम पुढे नेत तिथल्या सी-डॅक या संस्थेने 'जिस्ट' कार्ड आणलं. ते पीसीत बसवलं की डीबेस, वर्डस्टारसारखे फक्त इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम पडद्यावर देवनागरी दाखवू लागत. डीबेसला मराठी येत नव्हती, आणि यायची गरजही नव्हती.

आता अडचणी, आणि त्या बऱ्याच आहेत.

पहिली अडचण रांगेची. ३२ बाइट म्हणजे सोळा जागा, आणि रांग भरली की रिकामी हे ओळखता यावं म्हणून एक जागा कायम मोकळी राहते. म्हणजे पंधरा कळा. हाताने टाइप करणाऱ्याला त्या पुरतात. माउस मात्र मनगटाच्या एका झटक्यात चाळीस बाण मागू शकतो. प्रोग्रॅम त्या क्षणी पडदा रंगवण्यात गुंतलेला असेल तर सोळाव्यापासूनचे बाण हवेत विरतात; किंवा त्याहून वाईट म्हणजे पुरवून पुरवून पाठवले जातात आणि माउस थांबल्यावरही कर्सर पळत राहतो. मिकींचा आकडा वाढवला तर माउस जड वाटतो, कमी केला तर हाताबाहेर जातो. प्रत्येक प्रोग्रॅमसाठी हा तोल वेगळा.

दुसरी, लोक ज्याला माउस म्हणतात तीच गोष्ट: बोट दाखवायचं आणि कर्सर तिथे जायला हवा. टायपिस्टाला उडी मारता येत नाही, त्याला चालत जावं लागतं. कर्सर तिसऱ्या ओळीत, टिचकी दहाव्या ओळीत, तर सात वेळा खाली आणि मग उरलेले उजवीकडे. गणित सोपं आहे. प्रोग्रॅम ते पाळत नाहीत. वाटेतली ओळ आखूड असेल तर कुणी कर्सर तिच्या शेवटाशी ओढून घेतो, टॅब आला की एका बाणात आठ घरं ओलांडतो, आणि लोटससारखा मेन्यू शेवटच्या पर्यायानंतर पुन्हा पहिल्यावर येतो. एक बाण जास्त पडला की भलतंच निवडलं जातं.

सगळ्यात काळजीची बाब अवस्थेची. लोटसमध्ये अर्धा शब्द टाइप झालेला असताना बाणाची कळ दाबली तर तो अर्धा शब्द खान्यात पक्का होतो आणि कर्सर पुढे सरकतो. टेबलावरच्या माउसला कोपराचा धक्का पुरे. किंवा समजा, कुणी हौसेने मेन्यूत 'नवा कागद' असा पर्याय ठेवला आणि त्याच्यामागे तिरकी रेघ, डब्ल्यू, ई, वाय अशा कळा लावल्या. मोकळ्या अवस्थेत त्या अख्खा तक्ता पुसतात, आणि लोटसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत केलेलं मागे घेण्याची सोय नव्हती. फाइल सेव्ह करणंही सरळ नाही: जुनी फाइल असेल तर लोटस रद्द की बदल असं विचारतो, नवी असेल तर नाव मागतो. एकच कळक्रम दोन्हीकडे चालत नाही. 'मॅच' वापरून हे टाळता येतं, पण त्यासाठी प्रत्येक पर्यायाआधी पडदा तपासण्याची शिस्त पाळावी लागते.

बारीक त्रास वेगळेच. अनेक प्रोग्रॅम वेगासाठी थेट पडद्याच्या मेमरीत लिहीत; माउसचा उलट्या रंगाचा चौकोन ज्या अक्षरावर असे ते मध्येच बदललं तर ड्रायव्हर जुनंच अक्षर परत ठेवी आणि पडद्यावर डाग उरे. खेळांची तर आणखीच तऱ्हा. ते बायॉसची रांग ओलांडून कळफलकाचे संकेत थेट पोर्टवरून वाचतात, त्यामुळे रांगेत टाकलेल्या कळा त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत.

शेवटी प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपन्यांनीच हे काम हातात घेतलं. नोव्हेंबर १९८९ मध्ये वर्डपरफेक्ट ५.१ उघडणारे मेन्यू आणि माउस घेऊन आला. लोटसने १९९० च्या ३.१ आवृत्तीत जोडप्रोग्रॅमातून माउस दिला. भारतातल्या कितीतरी हिशेबाच्या पॅकेजांची भाषा असलेल्या क्लिपरमध्ये माउसची आज्ञा १९९५ च्या ५.३ आवृत्तीत आली. तोवर प्रोग्रॅमर क्लिपरची 'कीबोर्ड' ही आज्ञा वापरून आपल्याच प्रोग्रॅमच्या रांगेत आपणच कळा टाकू शकत. फरक इतकाच की इथे टायपिस्टाला आतली सगळी माहिती असे. अशा जुन्या पॅकेजाचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, हाताशी असेल तर आज हार्बर हा खुला कंपायलर तो बराचसा जसाच्या तसा घेतो, आणि माउसची ओळ-रकाना विचारणारी फंक्शन्स देतो. सोर्स असेल तर हाच मार्ग धरावा, दुसरा विचारही करू नये.

माउस नकोच म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन डॉसवरच्या वर्डस्टार ४.० मध्ये लिहितात, हे त्यांनी २०१४ मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितलं. वर्डस्टारची चार अक्षरं डाव्या हाताखाली चौकटीसारखी रचलेली आहेत, ती हात टायपिंगवरून उचलावा लागू नये म्हणूनच. तिथे माउस अडथळाच.

माउसच्या जागी बाण टाइप करण्याची युक्ती मात्र जिवंत आहे. आजच्या टर्मिनलांत मॅन्युअलचं पान उघडलं असताना चाक फिरवलं की अनेकदा प्रोग्रॅमला बाणाच्या कळाच जातात. मॅकच्या टर्मिनलात ऑप्शन धरून टिचकी मारली की कर्सर तिथे जातो, तोही बाण मोजून.

सोर्स नसलेलं जुनं पॅकेज डॉसबॉक्स या एम्युलेटरच्या खिडकीत चालवत असाल तर विंडोजवर ऑटोहॉटकी या प्रोग्रॅमने हे काम आजही होतं. कळ दाबणं आणि सोडणं यांत थोडा अवकाश ठेवा, नाहीतर डॉसबॉक्सला ती दिसत नाही. चाकाला वर-खालचे बाण द्या, डाव्या बटणाला एंटर, उजव्याला एस्केप. नोंद पुसणारी आणि 'हो' म्हणणारी कळ माउसला देऊ नका.