यंत्राच्या तापाचे निदान

ताप हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण होय, ही गोष्ट वैद्यांनी आपणांस केव्हाच शिकविली आहे. यंत्राच्या बाबतीत मात्र तिचा आपणांस विसर पडतो. संगणकावर खेळ रंगात आला असता चित्र अडखळू लागले, पंखे घरघरू लागले, की ‘यंत्र तापते, नवे घ्या’ असा सल्ला मिळतो. ज्या यंत्रावर खेळाबरोबर मुलाचा अभ्यासही चालतो, ते मोडीत काढण्यापूर्वी निदान करून पाहणे उचित होय.

संगणक जी वीज घेतो, ती जवळजवळ सारी अखेर उष्णतेचेच रूप घेते. खेळांच्या संगणकातील ग्राफिक्स कार्ड भर खेळात १५० ते ४०० वॅट आणि प्रोसेसर १०० वॅटांच्या आसपास वीज सहज घेतो. म्हणजे एका लहानशा पेटीत शेगडीच पेटलेली असते! ही उष्णता चिपेवरून लेपाच्या पातळ थरातून धातूच्या पात्यांकडे, पात्यांवरून पेटीतील हवेकडे आणि तेथून खोलीत जाते. या तीन टप्प्यांपैकी वाट कोठे अडली, हे शोधून काढणे म्हणजेच निदान.

तपमान दाखविणारे प्रोग्राम विनामूल्य मिळतात. परंतु नुसता आकडा फसवा असतो. बेळगावात डिसेंबरच्या रात्री खोली २० अंशांवर असेल, तर एप्रिलच्या दुपारी ३५ वर. डिसेंबरात ७५ अंश दाखविणारा प्रोसेसर एप्रिलात ९० दाखवू लागला, तर यंत्र बिघडले असे नव्हे; खोलीहून ५५ अंशांचे अंतर दोन्ही वेळा तेच आहे. म्हणून खोलीचे तपमान वजा करून उरणारा आकडा वहीत टिपावा. हे अंतर वाढले, तरच दोष समजावा.

आता कसोट्या पाहू. खेळ सुरू करून घड्याळ लावावे. पारा काही सेकंदांतच मर्यादेला भिडला, तर चिप व पाती यांमधील लेप सुकला असण्याचा किंवा पाती नीट बसली नसण्याचा संशय घ्यावा. तो दहा-पंधरा मिनिटांत सावकाश चढला, तर हवेची वाट अडली आहे. अशा वेळी पेटीची बाजूची झडप काढून पुन्हा मोजावे. पारा सात-आठ अंशांनी उतरला, तर दोष पेटीतील वाऱ्याचा. मेजाचा बंद कप्पा, भिंतीला टेकलेली पाठ किंवा उलटा बसविलेला पंखा ही त्याची नेहमीची कारणे. फारसा उतरला नाही, तर पात्यांत साचलेली धूळ किंवा मंदावलेला पंखा तपासावा.

येथे एक अपवाद ध्यानी ठेवावा. २०२२ साली आलेल्या रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातील, अशीच त्यांची आखणी आहे. मर्यादा गाठताच प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. चित्र अडखळते ते पुष्कळदा यामुळेच. म्हणून तपमानाबरोबर वेगही पाहावा. उलट, पारा मर्यादेच्या बराच खाली असताना यंत्र एकाएकी बंद पडत असेल, तर उष्णतेला दोष न देता वीजपुरवठ्याकडे वळावे.

खडेबाजारासारख्या गजबजलेल्या पेठेत रस्त्याची धूळ माडीपर्यंत चढते. निपाणीत तंबाखूच्या वखारींजवळ बारीक भुकटी उडते. त्यामुळे सहा महिन्यांतून एकदा सफाई करावी. आधी वीज तोडावी, पंख्याची पाती बोटाने धरून मगच हवेचा झोत मारावा. वीजपुरवठ्याची पेटी मात्र घरी कदापि उघडू नये. वीज तोडल्यावरही तिच्यात घातक दाब शिल्लक राहू शकतो.

एवढे करूनही अंतर कमी झाले नाही, तर कारागिराकडे जावे. परंतु वहीतील आकडे बरोबर न्यावेत. ‘तापते हो’ एवढेच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला नवे यंत्र दाखविले जाते. ‘दहा सेकंदांत ९५ अंश, झडप काढूनही फरक नाही’ असे सांगणाऱ्याचे काम बहुधा थोड्याशा लेपावर भागते.