तुयेच्या काळ्या चिखलातील देवाणघेवाण

गोव्यात धारगळ आणि कोलवाळ यांच्यामधून वाहणारी शापोरा नदी पश्चिमेला पेडणे तालुक्यातील तुये गावाजवळ पोहोचते, तेव्हा तिच्या पाण्यात समुद्राची भरती मिसळलेली असते आणि काठावर खारफुटीची दाटी दिसते. या झाडांखालचा चिखल वरून तपकिरी असला, तरी थोडे खणताच तो काळा लागतो आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. या रंगाला आणि वासाला घाण समजून नाक मुरडण्याची सवय जुनीच आहे; वस्तुतः खाडीची सुपीकता ज्या जिवाणूंच्या व्यवहारावर उभी आहे, त्याचीच ती खूण होय.

सजीव अन्नाचे विघटन करून ऊर्जा मिळवतो आणि त्यातून नवे पदार्थ घडवतो, या रासायनिक क्रियांना चयापचय म्हणतात. प्राणवायू नसलेल्या चिखलात झडलेले पान शेवटपर्यंत पचवणे सहसा कोणत्याही एका जातीच्या जिवाणूला जमत नाही. काही जिवाणू पानातील सेल्युलोज तोडून त्याची साखर करतात, आंबवणारे जिवाणू त्या साखरेपासून सेंद्रिय आम्ले आणि हायड्रोजन तयार करतात, आणि हे टाकाऊ पदार्थ सल्फेट-क्षपणक जिवाणूंचे अन्न ठरतात. समुद्राच्या पाण्यातील सल्फेट हे जिवाणू प्राणवायूच्या जागी वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा वायू बाहेर टाकतात. तो उग्र वास याच वायूचा, आणि गाळातील लोहाशी त्याचा संयोग झाला की चिखल काळा पडतो. एकाचे उत्सर्जन दुसऱ्याचे अन्न होणे, यालाच चयापचयी सहकार्य म्हणतात.

हे सहकार्य किती घट्ट असते, हे 1967 मध्ये ब्रायंट, वोलिन आणि वुल्फ या संशोधकांच्या कामातून स्पष्ट झाले. अल्कोहोलपासून मिथेन तयार करणारा 'मेथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की' हा एकच सूक्ष्मजीव आहे अशी तोवर समजूत होती. प्रत्यक्षात ते दोन सूक्ष्मजीव निघाले. पहिला अल्कोहोलचे विघटन करून हायड्रोजन सोडत होता आणि दुसरा त्या हायड्रोजनपासून मिथेन बनवत होता. हायड्रोजन साचत गेला, तर पहिल्याला त्या क्रियेतून ऊर्जाच मिळत नाही. म्हणून हायड्रोजन सतत उचलून नेणाऱ्या सोबत्याविना त्याची वाढ खुंटते. खाडीच्या खाऱ्या गाळात हायड्रोजन उचलण्याचे हे काम मुख्यतः सल्फेट-क्षपणक करतात, आणि त्यामुळे मिथेन करणाऱ्यांच्या वाट्याला तो फारसा येत नाही.

तुयेच्या गाळाचा खरा विशेष मात्र नायट्रोजनच्या हिशेबात आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शेरिल फर्नांडिस, लोकभारती आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी शापोराकाठचे तुये आणि खाणींच्या प्रभावाखालील मांडवीतील दिवाडी येथील खारफुटीच्या गाळाचा तुलनात्मक अभ्यास करून त्याचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध केले. गाळातील नायट्रेटला दोन प्रमुख वाटा असतात. विनायट्रीकरणात जिवाणू टप्प्याटप्प्याने त्याचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि झाडांचे ते पोषण हवेत निघून जाते. दुसऱ्या वाटेने नायट्रेटचे अमोनियम होते आणि पोषण गाळातच राहते. काही ठिकाणी नाहीशा होणाऱ्या नायट्रेटपैकी 99 टक्क्यांपर्यंत वाटा या दुसऱ्या मार्गाने जात असल्याचे या संशोधकांना आढळले, आणि तुलनेने निर्मळ असलेल्या तुये येथे या क्रियेचा वेग दिवाडीच्या दुप्पट होता.

या अमोनियमचा काही भाग मुळे शोषतात. उरलेला भाग, जिथे ओहोटीच्या वेळी किंवा मुळांमधून थोडा प्राणवायू पोहोचतो तिथे, जिवाणूंचा एक गट नायट्राइटमध्ये बदलतो आणि दुसरा गट त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो, आणि फेरा पुन्हा सुरू होतो. सेंद्रिय पदार्थ भरपूर आणि नायट्रेट कमी असेल, तर अमोनियमची वाट बळावते. सल्फेट-क्षपणकांनी सोडलेले सल्फाइडही तिला अनुकूल ठरते, कारण ते विनायट्रीकरणाच्या अखेरच्या पायऱ्या रोखते. नायट्रेट अमोनियमकडे वळले की विनायट्रीकरणात मधल्या पायरीवर निसटणारा नायट्रस ऑक्साइड कमी निर्माण होतो, आणि हा वायू तर शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता रोखून धरतो. पेडण्यासारख्या तालुक्यातील एका खाडीचा चिखल हवामानाच्या प्रश्नाशी असा थेट जोडलेला आहे, आणि खतांचे किंवा सांडपाण्याचे नायट्रेट नदीत वाढू दिले, तर नेमका हाच तोल बिघडण्याचा संभव आहे.

भरतीचे पाणी अडवून असा गाळ कायमचा वाळवला, तर दुसरेच संकट उद्भवते. वर्षानुवर्षे साठलेल्या लोह-सल्फाइडपर्यंत हवा पोहोचते, गंधकाचे ऑक्सिडीकरण करणारे जिवाणू कामाला लागतात आणि त्यातून सल्फ्युरिक आम्ल तयार होते. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर ते ओढ्यात उतरले, तर मासे मरतात आणि त्या जमिनीत पीक घेणे अवघड होऊन बसते. खारफुटी तोडून भराव टाकण्याचा निर्णय घेणाऱ्यांच्या कागदांवर झाडांची संख्या असते, गाळाचा उल्लेख क्वचितच असतो.